जुन्या वाड्यातल्या किंवा हवेलीतल्या हॉटेलात वयस्कर आईसह मुक्काम: निवड कशी करावी?

मुठाकाठची यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

माझ्या आईचे बालपण शनिवार पेठेत, नदीलगतच्या एका दुचौकी वाड्यात गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या पुरात तो वाडा बसला आणि घरच्यांना पुढे गोखलेनगरात बिऱ्हाड थाटावे लागले. आईने आता अठ्ठ्याहत्तरी ओलांडली आहे आणि अलीकडे ती एकच इच्छा वारंवार बोलून दाखवते, की चौकाच्या घरात पुन्हा एकदा राहून यावे. मी तिला विश्रामबाग वाड्यात नेऊन आणते म्हणाले, तेव्हा तिने स्पष्ट सांगितले, "वाडा बघायचा नाही गं मला. रात्री तिथे निजायचं आणि पहाटे चौकात उजाडताना जागं व्हायचं, एवढंच हवंय."

जुन्या वास्तू दुरुस्त करून त्यांत मोजक्या खोल्यांची हॉटेले, ज्यांना हल्ली बुटीक हॉटेल म्हणतात, अनेक ठिकाणी निघाली आहेत. जानेवारीत तीन-चार रात्रींसाठी जावे असा विचार असून माझ्यासमोर अहमदाबादची मंगलदासांची हवेली, तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातील जुनी घरे, सावंतवाडीचा राजवाडा आणि सासवड रस्त्यावरचा जाधवगड असे पर्याय आहेत. आईचे गुडघे दुखतात; जिना चढता येतो, परंतु कठड्याचा आधार लागतो आणि रात्री दोन-तीनदा उठावे लागते. खर्चाची तयारी आहे. संकेतस्थळांवरील छायाचित्रे सगळीच सुंदर असल्यामुळे त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. आरक्षणापूर्वी नेमके काय विचारावे आणि यांपैकी कोणती वास्तू खऱ्या अर्थाने राहत्या घरासारखी आहे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. पुण्यातच, आमच्या पेठांत, असे एखादे ठिकाण का सापडू नये, हाही प्रश्न मनात आहे.

आनंदयात्री यांचे उत्तर

अहमदाबादच्या हवेलीत आम्ही माझ्या वडिलांना घेऊन राहिलो होतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. ही वास्तू १९२४ मधली, गिरणीमालक शेठ मंगलदास गिरधरदास यांचे राहते घर. 'हाऊस ऑफ एमजी' या नावाने ते हॉटेल चालते आणि त्याच घराण्यातील पुढच्या पिढीने ते उभे केले असल्यामुळे ते घर आपल्या मालकांना ओळखते, असे तेथे वावरताना वाटत राहते. समोर रस्त्यापलीकडे सिदी सय्यदची मशीद, १५७३ मधली, जिची दगडी जाळी जगप्रसिद्ध आहे. दुपारनंतरची कलती उन्हे त्या जाळीतून आत उतरतात तेव्हा तेथे जाऊन बसावे. वरच्या गच्चीवर गुजराती थाळी मिळते, तीही चुकवू नये.

तथापि एक गोष्ट लक्षात घ्यावी. मंगलदासांचे घर हे विसाव्या शतकातील धनिकाचे प्रशस्त निवासस्थान आहे. आपल्या आईंना जो चौक हवा आहे, तो जुन्या शहरातील पोळांमधल्या, म्हणजे तिथल्या दाट वस्तीच्या जुन्या गल्ली-मोहल्ल्यांमधल्या, लाकडी हवेल्यांत अधिक जवळचा भासेल. त्या घरांत मधला चौक, भोवती कोरीव खांब आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके अशी रचना असते. अहमदाबादच्या या जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारसा नगरीचा दर्जा मिळाला आणि खाडिया परिसरातील काही हवेल्यांत आता पाहुण्यांची सोय आहे. अडचण एवढीच, की पोळांच्या गल्ल्या अरुंद असल्यामुळे गाडी बहुधा दारापर्यंत पोहोचत नाही. किती अंतर चालावे लागेल हे आधी विचारून घ्यावे.

जानेवारीत जाणार असाल तर १४ तारखेच्या उत्तरायणाचा विचार अवश्य करावा. त्या दिवसांत पोळांच्या गच्च्या पतंग उडवणाऱ्यांनी भरून जातात, दर वाढतात आणि पहाटेपासून गलका असतो. तो सोहळा पाहण्यासारखा आहे, पण शांतपणे चौकात बसू इच्छिणाऱ्या व्यक्तीला घेऊन जायचे असेल तर महिन्याचा उत्तरार्ध बरा.

सागवान यांचे उत्तर

मी वास्तुजतनाच्या क्षेत्रात काम करतो. आपल्या प्रश्नातील "नेमके काय विचारावे" या भागाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक पाहुणे पलंग, नाश्ता आणि वातानुकूलन यांविषयी विचारतात आणि ज्या गोष्टींवर मुक्कामाचे सुख अवलंबून असते त्या मात्र विचारायच्या राहून जातात.

सर्वांत आधी न्हाणीघराबद्दल विचारावे. जुन्या घरांत प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर कधीच नव्हते. न्हाणी आणि शौचकूप मागील अंगाला असत. हॉटेल करताना प्रत्येक खोलीत ते नव्याने बसवावे लागते आणि जतनाच्या कामातील सर्वांत अवघड भाग हाच असतो. सांडपाण्याच्या नळाला उतार द्यावा लागतो. तो उतार देण्यासाठी जुन्या तुळया आणि कडीपाट कापणे हा गुन्हाच ठरेल, म्हणून जबाबदार वास्तुविशारद न्हाणीघराची जमीन चार-सहा इंच उंच घेतो आणि नळ त्या पोकळीतून नेतो. याचा परिणाम असा, की खोलीतून न्हाणीघरात पाऊल टाकताना एक पायरी चढावी लागते आणि बाहेर येताना उतरावी लागते. दिवसा तिचे काही वाटत नाही. रात्री, अर्धवट झोपेत, अनोळखी जागी आणि गुडघे दुखत असताना हीच पायरी सर्वांत धोक्याची असते. म्हणून हॉटेलला थेट सांगावे, की न्हाणीघराच्या दाराचे, उंबरा आणि जमीन दोन्ही दिसतील असे, छायाचित्र पाठवा. तळमजल्यावर, जेथे जमीन थेट जोत्यावर असते, तेथे ही पायरी टाळता येते. त्यामुळे तळमजल्याची खोली मागण्यामागे जिन्याइतकेच हेही कारण आहे.

जिन्याचे म्हणाल तर वाड्यांचे आणि जुन्या हवेल्यांचे जिने पुष्कळदा भिंतीच्या जाडीतच काढलेले असतात. ते अरुंद, अंधारे आणि उभे असतात, पायऱ्यांची उंची नऊ-दहा इंचांपर्यंत जाते आणि हाताला आधार म्हणून कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर किंवा साखळी असते. जतन नीट झाले असेल तर तो जिना तसाच ठेवलेला असतो आणि पाहुण्यांसाठी दुसरा, सोयीचा जिना अन्यत्र दिलेला असतो. "मूळ जिना वापरावा लागतो का?" एवढा एकच प्रश्न विचारला तरी त्या हॉटेलने आपल्या वास्तूचा किती विचार केला आहे हे समजते.

खोली चौकाकडे तोंड करून आहे की रस्त्याकडे, हे विचारावे आणि त्याबरोबरच खोलीच्या वर काय आहे हेही विचारावे. लाकडी कड्यांवर फळ्या, त्यांवर माती-मुरूम आणि वर शहाबादी किंवा शेणाची जमीन अशा रचनेतून पावलांचा आवाज खाली सहज उतरतो. वर दुसऱ्या पाहुण्यांची खोली असेल तर पहाटे निघणाऱ्या माणसाच्या बॅगेची चाके आपल्या डोक्यावरून जातात.

आता वास्तू खरी आहे की केवळ दर्शनी भाग राखला आहे, याविषयी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेल म्हणून मान्यता मिळण्यासाठी वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते आणि तिचे मूळ रूप टिकलेले असावे लागते. जाहिरातीत 'हेरिटेज' हा शब्द मात्र कोणीही वापरतो. ओळखायचे असेल तर भिंत पाहावी. चुन्याचा गिलावा हाताला किंचित गार आणि मऊसर लागतो, त्याच्या कडा गोलसर असतात आणि प्रकाश त्यावर सौम्य पसरतो. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो आणि भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो. जुन्या काळी चुना घाण्यात मळून त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी असे पदार्थ मिसळत. याउलट पांढऱ्या मातीच्या किंवा पातळ भाजक्या विटांच्या भिंतीवर सिमेंट थापले की ओलावा आत कोंडतो, लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरतो आणि काही पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. एका हवेलीत, जिचे नाव येथे घेत नाही, मला ताज्या रंगाखाली पलंगाच्या उशाशी फुगलेली भिंत आणि खोलीभर कुबट वास सोसावा लागला होता. तेथील खांब मात्र आरशासारखे चमकत होते. सागवानाला जाड वॉर्निश फासून चमक आणली असेल आणि खांब खाली दगडी तळखड्यावर न टेकता थेट नव्या फरशीत गाडले असतील, तर मी तेथे सावध होतो. तळखडा हा जमिनीची ओल लाकडापर्यंत पोहोचू नये म्हणून असतो. तो फरशीखाली बुजवणाऱ्याला ती वास्तू समजलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या चार पर्यायांपैकी जाधवगड आणि सावंतवाडी यांविषयी थोडक्यात. जाधवगड ही पिलाजीराव जाधवराव यांची १७१० मधली गढी आहे. दगडी तटबंदी, मोठा दरवाजा, आणि तेथे पोहोचायला दगडी पायऱ्या. पुण्याहून जवळ आहे, दिवे घाटातून जाताना मस्तानी तलावही दिसतो, परंतु गढी ही संरक्षणासाठी बांधलेली असते आणि तिच्यात माजघराचा घरगुतीपणा शोधू नये. सावंतवाडीचा राजवाडा मोती तलावासमोर आहे, खोल्या मोजक्याच आहेत आणि गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाची पाने रंगवण्याची कला तेथे आजही जिवंत आहे. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने रंगवणारे कारागीर काम करताना पाहायला मिळतात. भाषा आपली, जेवण ओळखीचे. तरीही तो राजवाडा आहे. आपल्या आईंच्या मनातील घर त्याहून लहान आणि जवळ-जवळ खोल्यांचे असणार.

कसबेकर यांचे उत्तर

पुण्यात असे ठिकाण का नाही, या प्रश्नाने मला फार दिवस अस्वस्थ केले आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पेठांतील बहुतेक वाड्यांत मालकाच्या कुटुंबाबरोबर अनेक भाडेकरू होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठली आणि १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आल्यावरही जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत मोठा फरक पडला नाही. भाडेकरूंना संरक्षण मिळणे आवश्यकच होते. निम्न मध्यमवर्गातील कित्येक कुटुंबांनी त्या दोन खोल्यांच्या आधारावर मुले शिकवली. परंतु कौले परतण्याइतकेही उत्पन्न मालकाच्या हाती उरले नाही. त्यात मिळकत पत्रिकेवर भाऊबंदांची दहा-पंधरा नावे. अशा वाड्यात एक तुळई बदलायची तरी सर्वांची संमती मिळवताना वर्षे जातात आणि बांधकाम व्यावसायिक सर्वांना सदनिका देऊ करतो तेव्हा तेवढ्या एका गोष्टीवर मात्र लगेच एकमत होते. नदीकाठच्या पेठांत तर १९६१ च्या पुराने हा निर्णय आधीच घेऊन टाकला होता. मातीच्या भिंती दिवसभर पाण्यात उभ्या राहिल्यावर विरघळून गेल्या.

जे टिकले ते बहुतांशी सार्वजनिक ताब्यात असल्यामुळे टिकले. नाना फडणीसांचा १७८० चा नाना वाडा आणि दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमाराचा विश्रामबाग वाडा ही त्याची उदाहरणे आहेत. खासगी वाड्याला हॉटेल करायचे म्हटले तर अग्निसुरक्षेसाठी दुसरा जिना हवा, वाहने उभी करायला जागा हवी, आणि बोळात ती आणायची कोठून? मला मनापासून वाटते, की महापालिकेच्या वारसा यादीतील खासगी वाड्यांसाठी या नियमांत विचारपूर्वक सवलत मिळायला हवी. पाच-सहा खोल्यांचे उत्पन्न सुरू झाले तर मालकाला वाडा पाडण्याचे कारणच उरणार नाही.

एक सूचना. मुक्काम जेथे कराल तेथे करा, पण त्याआधी एक दिवस काढून आईंना वाईजवळ मेणवलीला न्या. नाना फडणीसांचा तेथील वाडा अजून उभा आहे, दिवसा पाहता येतो. मागे कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराचे देऊळ आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तेथे टांगलेली आहे. पुण्याच्या वाड्याशी अगदी जवळचे नाते सांगणारी राहती जागा आज कोठे पाहायची, तर मी हेच नाव घेईन.

दक्षिणवारी यांचे उत्तर

चेट्टिनाडविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कारैकुडी आणि कानाडुकातान परिसरातील ही घरे नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांची. ब्रह्मदेशाशी त्यांचा मोठा व्यापार होता, त्यामुळे खांबांना ब्रह्मी सागवान आणि भिंतींना अंड्याच्या बलकाविना पांढऱ्या भागात घोटलेल्या चुन्याचा गुळगुळीत लेप. घर एका रस्त्यावर सुरू होते आणि मागच्या रस्त्यावर संपते. एकामागून एक चौक लागतात. मधल्या मोठ्या चौकाभोवती प्रत्येक विवाहित मुलासाठी एकेक लहान खोली असे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो सारा व्यापार संपला. मागे राहिलेल्या घरांपैकी काहींची आता हॉटेले झाली आहेत.

आपल्या आईंच्या दृष्टीने माझे मत असे आहे, की चौकांची भव्यता याहून अधिक कोठेही मिळणार नाही. आत्तंगुडीच्या फरशा, ज्या काचेवर रंगीत सिमेंट ओतून हाताने केल्या जातात, त्यांच्यावरून अनवाणी चालताना पायाला जो गारवा मिळतो तो त्यांना नक्की आवडेल. मात्र पुण्याहून विमान बदलून मदुराई किंवा तिरुचिरापल्ली आणि पुढे सुमारे दोन तासांचा रस्ता, एवढा प्रवास करावा लागतो. गुडघ्यांसाठी तो फार आहे की नाही, हे आपणच ठरवावे.

मुठाकाठची यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सागवान यांनी सांगितलेले प्रश्न मी तीन हॉटेलांना लिहून पाठवले. एकाने केवळ माहितीपत्रक पाठवले, दुसऱ्याने "काळजी करू नका, सर्व सोयी आहेत" असे उत्तर दिले आणि तिसऱ्याने, जे अहमदाबादच्या एका पोळात आहे, न्हाणीघराच्या दाराचे फूटपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र पाठवले. खोली तळमजल्यावर, चौकाला लागून आहे. पायरी नाही, पण खोलीच्या दाराला तीन इंचांचा जुना लाकडी उंबरा आहे. वरच्या खोलीत पाहुणे असतात, परंतु आमच्या मुक्कामात ती शक्यतो रिकामी ठेवू असे व्यवस्थापकांनी कळवले. पुण्याहून थेट रेल्वे असल्यामुळे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याचे आरक्षण करावे असे आम्ही ठरवत आहोत. मेणवलीला त्याआधी एखाद्या रविवारी जाऊ. आईला फक्त उंबऱ्याविषयी विचारायचे आहे, की तो पाहुण्यांसाठी काढून देतात का. तिला स्वतःला तो काढू नये असेच वाटते.

सागवान यांचे उत्तर

फूटपट्टी ठेवून छायाचित्र पाठवणारे व्यवस्थापक भेटले, याचा फार आनंद झाला. उंबरा काढायला सांगू नये. तो चौकटीचा भाग असतो आणि तो कापला की दोन्ही बाजूंच्या बाह्या सैल होतात. त्याऐवजी उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना ठेवायचा सुटा लाकडी उतार मिळेल का, हे विचारावे. गावातला कोणताही सुतार तो अर्ध्या दिवसात करून देतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा राहील अशी सोय मागून घ्यावी. चौकटीच्या वरच्या पट्टीची उंचीही विचारून ठेवावी, कारण जुनी दारे ठेंगणी असतात आणि आईंना आधार देत आत नेताना कपाळ आपटते ते बहुधा मागून येणाऱ्या उंच माणसाचे. आणि खोलीचा क्रमांक आरक्षणाच्या पत्रात लिहून घ्यावा, म्हणजे ऐन वेळी वरच्या मजल्यावरची "अधिक चांगली" खोली पुढे केली जाणार नाही.